आधी खालच्यांना विचार

काय गं, टाइलचा टेम्पो तुमच्याकडचाच ना? मघापासून चिवडा गल्लीच्या तोंडाशी अडकला होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला. म्हटलं, ऐन शिमग्याच्या तोंडावर कुणाकडे काम निघालं बाई? मग तुझे सासरे जिन्यात खोकी मोजताना दिसले. दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड ना? छान आहे, चकचकीत आहे. पण जरा अशी कठड्याशी ये आणि मला सांग, खालच्या काकांना विचारलंस का?

अगं, रंग आवडला का ते नाही विचारायचं! त्यांच्या छताच्या तुळया कशा आहेत ते विचारायचं. तुझ्या जमिनीखाली काय चाललंय ते तुला दिसत नाही. त्यांना रोज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दिसतं. आमच्या ह्यांचा नियमच होता. दुरुस्तीचं काम आलं की ज्याचं काम त्याच्याकडे चहा नंतर, पहिला चहा खालच्यांकडे. छताला डाग कुठे आहे, माती कुठून गळते, वर पोरं नाचली की दिवा हलतो का. निम्मं काम तिथेच कळायचं.

तुमच्या खोलीत आधीच तीन जमिनी आहेत, ठाऊक आहे? सगळ्यात खाली शहाबादी. मी लग्न होऊन आले तेव्हा तीच होती, उन्हाळ्यात पाठ टेकली की गार वाटायची. त्यावर तुझ्या आजेसासऱ्यांनी मोझेक घातली. १९८२ च्या संपाआधीची गोष्ट, मिलचा बोनस आला होता. मग तुझ्या सासूबाईंनी त्यावर पांढरी सिरॅमिक बसवली, कारण तेव्हा लालबागेत प्रत्येकीला पांढरीच हवी होती. प्रत्येक वेळी उंबरा बुडाला आणि दाराचा खालचा भाग कापला. आता तू चौथी घालणार. मिस्त्री म्हणाला असेल, वरूनच चिकटवतो, तोडफोड नको, रॅबिट वाचेल. वाचेल गं, पण त्याची मेहनत वाचेल. तुळईवरचं ओझं वाढेलच.

अहो! एका थराचं किती वजन म्हणाला होतात? ...ऐकलंस? १८० चौरस फुटांची खोली, दीड इंच माल आणि वर टाइल, म्हणजे दीड टन. एका थराचं! पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं बघ. रिटायर झाले तरी हिशेब पाठ आहे.

आपली चाळ १९४० च्या आधीची, म्हाडाच्या यादीत अ वर्गातली. विटांच्या भिंती, चुना, सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर कोबा. बांधली तेव्हा खोलीत एक ट्रंक, एक पिंप, आणि पाळी बदलली की आळीपाळीने झोपणारी गिरणीतली माणसं. आता मोज तुझ्याकडे काय काय आहे. फ्रीज, वॉशिंग मशीन, लोखंडी कपाट, आणि पोटमाळ्यावर टाकी. किती लिटरची? ५०० ची? मग अर्धा टन पाणी डोक्यावर घेऊन झोपता तुम्ही! लिटरला किलो, त्याला इंजिनिअर लागत नाही. दोन छोटी पिंपं घ्या आणि भिंतीलगत ठेवा. मधोमध नको.

तर पहिलं काम म्हणजे जुन्या फरश्या काढायच्या. पण ब्रेकर मशीन लावू देऊ नकोस, ते सिमेंट-सळईच्या इमारतीत चालतं. इथे एक मशीन चाललं की तीन खोल्यांतला गिलावा सुटतो. छिन्नी-हातोडा घ्यायचा, एका कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि कोबा लागला की थांबायचं. दोन दिवस जास्त लागतील, मिस्त्री कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि रॅबिटच्या गोण्या गॅलरीत रचायच्या नाहीत हं. ही गॅलरी भिंतीतून बाहेर काढलेल्या लाकडांवर तोललेली आहे, आणि शेवटच्या टोकाला संडासाची रांग. रोजचं रोज खाली उतरवायचं. महापालिकेला कळवून पैसे भरले की गाडी येते. रात्री गुपचूप नाक्यावर ओतून येणारे आहेत आपल्याकडे, नावं घेत नाही, तुला दिसतीलच.

फरश्या निघाल्या की जमीन उघडी पडेल. तेव्हा ह्यांना हाक मार. पेचकस घेऊन येतील. तुळईचं टोक भिंतीत शिरतं ना, तिथे टोचून बघायचं. पेचकस अडला तर लाकूड धड आहे. लोण्यात सुरी जावी तसा आत गेला तर टाइल राहू दे बाजूला, आधी तुळईचं बघायचं. लाकूड नेहमी टोकाला आणि मोरीखाली कुजतं. मधे ठणठणीत दिसतं आणि माणूस फसतो. तुळई बदलायची झाली तर ते आपल्या मिस्त्रीचं काम नाही. मालकाला लेखी द्यायचं, दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करायचा, भाड्याबरोबर सेस भरतो तो कशासाठी? ते आधी टेकू लावून जातील. माझ्या बहिणीकडे, गिरगावात, असाच टेकू लावलाय. तो इतका जुना झाला की त्याला आता कपडे वाळत घालायची दोरी बांधतात. अर्ज करून गप्प बसलं की असं होतं, दर महिन्याला जाऊन बाबूला तोंड दाखवावं लागतं.

आता मोरी. खरी भांडणं मोरीवरून होतात, फरशीवरून कुणी कुणाशी बोलायचं थांबत नाही. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातले भाऊ आणि त्यांच्या खालचे, दोघे एकाच मंडळाचे, एकाच गणपतीत शेजारी उभं राहून आरती म्हणतात, पण बोलत नाहीत. का? वर मोरीत नवीन टाइल बसवली, गुलाबी, सुंदर. आणि खाली ऐन दिवाळीत चकल्यांच्या डब्यावर गिलावा पडला. वरचे म्हणतात, माझी मोरी नवी आहे, गळेल कशी? अरे, वरून नवी आहे! टाइल पाणी अडवत नाही, टाइलच्या सांध्यांतून पाणी जातंच. अडवायचं काम टाइलखाली व्हायला हवं.

म्हणून मोरी खालपर्यंत खणायला सांग. आत विटांचे तुकडे भरून उंच केलेली असेल तर ते काढून टाक, तेही वजनच. वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवायचं, आणि जमीन नि भिंत मिळते तिथे मालाचा गोल वाटा मारायचा. सगळ्यात लबाड जागा म्हणजे नहाणी ट्रॅपचा गळा. जुनं लोखंडी पाइपाचं तोंड आणि नवं प्लास्टिक, मधे सिमेंटचं बोट फिरवलं की झालं असं समजतात. सहा महिन्यांत तिथून थेंब सुरू. ते तोंड तू स्वतः उभी राहून करून घे.

मग टाइल लावायच्या आधी, लक्षात ठेव, आधी, ट्रॅपला बोळा घालायचा, चार बोटं पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. मिस्त्री म्हणेल, ताई, एक रात्र पुरे. त्याला म्हण, काकू बघायला येणार आहेत. अंघोळ आमच्याकडे करा दोन दिवस. नळ भिंतीत गाडायचे तर तेही पाणी भरून दाब देऊन आधी तपासायचे, गिलावा नंतर. आणि उतार! टाइल बसली की मग ओत एक तांब्या आणि बघ पाणी कुठे जातं ते. फुटाला पाव इंचाचा उतार ट्रॅपकडे हवा. आमच्या वरच्यांच्या मोरीत पाणी दाराकडे येतं, रोज खराट्याने ढकलतात बिचाऱ्या.

भिंतीचं काय ठरवलंय? सिमेंटचा गिलावा? नको गं. ही चुन्यात बांधलेली भिंत, हिच्यात पावसाळ्यात ओल शिरतेच, पण चुन्यातून ती हळूहळू निघूनही जाते. वरून सिमेंट थापलं आणि त्यावर ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते. मग मिठासारखे पांढरे क्षार फुटतात आणि पोपडे येतात. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी मिळतो अजून, शोधावा लागतो, हे सांगतील कुणीतरी. तोही नाही मिळाला तर जुना गिलावा जिथे पक्का आहे तिथे हात लावू नका, पोकळ वाजतो तेवढाच काढा. आणि गणपतीच्या आधी रंग काढायची आपल्याकडची जी हौस आहे ना, ओल्या भिंतीवर श्रावणात रंग, ती सोड. दिवाळीला फुगे दिसतात. रंग काढायचा तर दिवाळी होऊन गेल्यावर, रंगारी पण मोकळे असतात.

आणि हो, तुझा नवरा मधली भिंत काढणार म्हणाला म्हणे? ओपन किचन? कालच जिन्यात ऐकलं. त्याला सांग, काकूंनी डॉकयार्ड रोडची आठवण करून दिलीये. बाबू गेनू मार्केटची इमारत, २७ सप्टेंबर २०१३, महापालिकेच्याच नोकरदारांची घरं, सकाळी सकाळी बसली आणि ६१ माणसं गेली. तळमजल्यावर केलेल्या फेरफारांकडे तेव्हा सगळ्यांचं बोट गेलं. घाटकोपरला २०१७ च्या जुलैत तेच, १७ माणसं, तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं. भिंत पाडणाऱ्याला ती नुसती भिंत वाटते. वरच्या दोन मजल्यांच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या असतात. त्यानंतर ह्यांनी भिंतीला हात लावायचं काम आलं की आधी इंजिनिअरचा कागद मागायला सुरुवात केली. चार गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत.

कायदाही तसाच आहे. महापालिकेच्या कायद्यात कलम ३४२ आहे, फरशी बदलणं, गिलावा, रंग, मोरीची दुरुस्ती, नळ, एवढ्याला परवानगी लागत नाही. भिंत, तुळई, खोलीचं लांबी-रुंदी-उंचीचं माप, इथे हात लावला की लागते. ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. आपल्याकडचा अहवाल मालकाच्या कुठल्या कपाटात आहे देव जाणे. तुझ्या नवऱ्याला भिंत काढायची एवढी हौस आहे ना, त्याला तो अहवाल काढायच्या कामाला लाव.

वायरिंग पण करताय? बरं केलंस. लाकडी पट्टीतली जुनी वायर सगळी काढा. दिव्यांना दीड एमएम, प्लगला अडीच, गीझर-एसीला चार, आणि अर्थिंग खरं हवं. मोरीत गीझर आहे तर ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी बसवाच, पोरंबाळं आहेत. सामान लोहार चाळीतून आण, पण तिथे भाव विचारायच्या आधी कंपनी आणि माप कागदावर लिहून ने, नाहीतर दुकानदार तुझ्याकडे बघूनच ओळखतो. एसी लावायच्या आधी मात्र बेस्टकडे लोड वाढवून घे. मागल्या मेमध्ये तीन एसी एकदम सुरू झाले आणि अख्खा मजला अंधारात, मी अर्धवट भाजलेली पोळी तव्यावर घेऊन बसले होते.

मिस्त्रीला किती दिलेत? अर्धे? आधीच? अगं बाई! शिमगा आठवड्यावर आलाय, तो चिपळूणचा ना? मग पालखी नाचवून कधी परतेल ते ग्रामदेवतेलाच ठाऊक. मोरी उघडी टाकून तर जाऊ देऊ नकोस. त्याला म्हण, आत्ता फरश्या काढ आणि जा. तुळया तपासायला आपल्याला तेवढाच वेळ मिळेल. उरलेले पैसे कामाच्या टप्प्यावर दे, मोरीचे पाणी भरून बघितल्यावर, आणि शेवटचा हप्ता खालच्या काकांनी छत कोरडं आहे म्हटल्यावर. वहीत लिही आणि त्याची सही घे. चांगला मिस्त्री सही करताना चिडत नाही.

हो, हो, तेच म्हणणार होते. इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार तर एवढा खर्च कशाला? वरळीच्या बीडीडीवाल्यांचं बघितलंस ना, १६० चौरस फुटांत पिढ्या काढल्या, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ जणांना ५०० फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. पण त्यांचं भूमिपूजन २०१७ चं. आपल्याकडे अजून मालक आणि बिल्डर एकमेकांना चहाच पाजतायत. म्हणून जे उद्या काढून नेता येईल त्यावर पैसा घाल. कपाट, पंखे, चांगले नळ. भिंतीत आणि जमिनीत फक्त पाणी थांबवण्यापुरता आणि वजन कमी करण्यापुरता. ती चकचकीत टाइल परत करता येते का विचार दुकानदाराला. हलकी, पातळ घे, आणि माल न घालता केमिकलने चिकटव. रंग तुला हवा तो घे, माझं काही म्हणणं नाही.

चल, आमटी उतू जाईल. खाली उतरशील तेव्हा काकांकडे मुद्दाम जा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. थांब, वाटीभर खरवस देते, तेवढाच घेऊन जा.