आमची कोठेही शाखा नाही

प्रत्येक सहलीत असा एक माणूस असतोच. बस देवळापाशी थांबते, बाकीचे कळसाला हात जोडतात, आणि हा गृहस्थ समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचत उभा असतो. आमच्या सोसायटीच्या सहलींत हा मान नानांचा. नाना सरकारी नोकरीत होते, आणि लोकांच्या झेरॉक्सवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून खाली सही करणं हे त्यांचं आवडतं काम होतं. निवृत्तीबरोबर शिक्का गेला, सवय राहिली. आता ते गावोगाव हिंडून दुकानं साक्षांकित करतात.

नानांच्या नकाशात किल्ले, लेणी, धबधबे वगैरे आहेत, पण ते दुकान उघडेपर्यंत वेळ काढायची ठिकाणं म्हणून. सातारा म्हणजे कंदी पेढा. अजिंक्यतारा तिथे आहे, त्याला नानांची हरकत नाही. नरसोबाच्या वाडीला दत्ताचं दर्शन होतं ते कवठाच्या बर्फीच्या वाटेवर. पंढरपूरला आम्ही दर्शनाच्या बारीत उभे होतो तेव्हा नाना महाद्वाराजवळ बुक्क्याच्या पुड्या नाकाशी धरून 'यात कापूर किती?' अशी दुकानदाराची उलटतपासणी घेत होते. तो बिचारा माळकरी. 'माउली, पांडुरंगानं कधी विचारलं नाही,' एवढंच म्हणाला.

चांगलं दुकान ओळखायची नानांची कसोटी मालाशी सुरू होत नाही, मालकाशी होते. 'या साहेब, बसा, चहा सांगू?' असं म्हणणारा दुकानदार नानांच्या मते कालपरवाचा. खऱ्या दुकानाचा मालक मान वर करत नाही. त्याच्या डोक्यावर पगडीवाल्या आजोबांचा फोटो असतो, फोटोला चंदनाचा हार असतो, आणि हारावरची धूळ मूळ स्थापनेपासूनची असते. दुपारी दुकान बंद. संध्याकाळी उघडलं तर हवा तो जिन्नस 'संपला'. भाव लिहिलेली पाटी आहे, पण भाव वेगळा. आणि दाराशी, भिंतीवर, पिशवीवर, जमल्यास मालकाच्या कपाळावर लिहिलेलं: 'आमची कोठेही शाखा नाही.' हे वाक्य वाचलं की नाना चपला बाहेर काढायच्या बेतात येतात. वाढ न झालेल्या धंद्याबद्दल इतका आदर मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

लोणावळ्यात मात्र त्यांची फार पंचाईत होते. एकाच नावाच्या इतक्या पाट्या, त्यात कुणी 'जुने', कुणी 'खरे जुने', कुणी 'मूळचे खरे'. नाना गाडी थांबवायला लावतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात, पाट्यांवरच्या इनिशिअलांची जुळवाजुळव करतात आणि चिक्की न घेताच परत येतात. पुराव्याअभावी.

बरोबर नानी असतात. नानींना मूळ, अस्सल, परंपरा यांच्याशी देणंघेणं नाही. त्या प्रत्येक गावात एसटी स्टँडसमोर एक चाळणी नाहीतर नायलॉनची दोरी घेतात आणि ती वर्षानुवर्षं वापरतात. नानांनी आणलेल्या वस्तू शोकेसमध्ये असतात.

कोल्हापूरला मी त्यांच्याबरोबर होतो. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमध्ये शिरलो, दोन्ही बाजूंनी 'या काका, या दादा' सुरू झालं, म्हणजे नानांच्या हिशेबी दोन्ही बाजू बाद. कुणीच न बोलावणारं एक दुकान शेवटी सापडलं. नानांनी कापशी चप्पल उचलली. आधी टाचेकडून आणि बोटांकडून धरून ती धनुष्यासारखी वाकवली. मग तळ नाकाजवळ नेऊन खोल श्वास घेतला. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याला एक तुरट, ओलसर वास असतो. रसायनात कमावलेल्याला तो नसतो. हे नानांना पक्कं ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते त्यांच्यामुळेच कळलं. मग चप्पल कानाशी. अंगठ्याने दाबून करकर ऐकली. दुकानात लग्नाच्या खरेदीला आलेली दोन पोरं होती, ती मोबाइल काढून बघत राहिली.

'खिळा कुठाय?' नानांनी विचारलं.

'खिळा न्हाई काका यात. चामड्याची वादी हाय. वादीनं शिवल्याली.'

'इथंच केलेली?'

'काही हितली. काही निपाणीची. ही तुमच्या हातातली अथणीची.'

नानांच्या हातातून चप्पल पडली नाही, पण पकड ढिली झाली. अथणी कर्नाटकात. मी, सांत्वन म्हणून, सांगितलं की २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं ते मुळी दोन राज्यांना मिळून आहे: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दुकानदार म्हणाला, 'चामड्याला कुठली शीव?' नानांनी चप्पल घेतली. मात्र घरी सांगताना ते 'कापशीची' म्हणतात. कापशी गाव कागल तालुक्यात आहे, तिथे सीमाप्रश्न नाही.

पुढे जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीची हुबेहूब भावंडं मॉडेलांच्या पायांत घातली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आमच्या सोसायटीत सर्वांत जास्त संतापले ते नाना. कंपनीने नंतर मूळ कबूल केलं तरी त्यांचा राग उतरला नाही. खाली कट्ट्यावर त्यांनी तासभर भाषण केलं. पायांत रबरी फ्लोटर होते. त्यांचा इलाज नव्हता, जून महिना होता, आणि कोल्हापुरी पावसात घालायची नसते.

मूळ शोधायला निघालेल्या माणसाचं हेच होतं. पैठणीसाठी ते नानींना घेऊन पैठणला निघाले होते. कुणीतरी वाटेत सांगितलं की माग आता मोठ्या संख्येने येवल्यात आहेत. येवल्यात एका विणकराच्या घरी गेलो. खड्ड्यात पाय सोडून माणूस मागावर बसलेला, शेजारी रंगीत रेशमाच्या कांड्या, आणि पदरावरच्या मोराची नुकती मान विणून झालेली. नानांनी तयार साडी मागितली आणि सरळ उलटी केली. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रावरच्या साडीत नक्षीच्या मागे धाग्यांचं जंजाळ असतं. पदर पास झाला. आता नानी किंमत विचारणार तेवढ्यात नानांनी विचारलं, 'रेशीम इथलंच?'

'बंगळूरचं.'

'जर?'

'सुरतेची.'

नाना गप्प. नानींनी विचारलं, 'मग येवल्याचं काय आहे हो यात?'

'मजुरी,' विणकर म्हणाला, आणि पुन्हा मागावर वाकला. नानींनी ती साडी घेतली. त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच महाग खरेदी, आणि ती त्या उत्तरावर झाली असं माझं मत आहे. नाना मात्र परतीच्या वाटेवर रेशमाचे किडे बंगळूरला कुठून आले याचा विचार करत होते.

सावंतवाडीची गोष्ट निराळी. तिथे नाना सुखी असतात. चितारआळीत लाकडी फळांचे ढीग: केळी, आंबा, फणसाची फोड, आणि खऱ्याहून जास्त लाल टोमॅटो. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, हातात घेतलं की फसगत होते. नाना प्रत्येक फळ वजन करून बघतात आणि प्रत्येक वेळी फसल्यासारखा आनंद व्यक्त करतात. मग राजवाडा. तिथे चित्रकार बसून गंजिफा रंगवतात. संस्थानच्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी मरायला टेकलेली ही कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफा म्हणजे गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, एकूण १२०. नानांनी जोड घेतला. किंमत ऐकून नानी बाकावर बसल्या. परतीच्या कोकण रेल्वेत नानांनी डाव मांडला. मत्स्य, कूर्म, वराह अशी पानं वाटून झाली आणि मग लक्षात आलं की खेळायचं कसं हे कुणालाच माहीत नाही. शेजारच्या बर्थवरच्या पोराने 'काका, ब्लफ खेळू' असं सुचवलं. चिपळूणपर्यंत ब्लफ चालला. 'तीन नरसिंह' असं ठणकावून खोटं बोलणारे नाना मी तेव्हा पाहिले. हातात नरसिंह एकच होता.

पण नानांच्या आयुष्यातला परमोच्च क्षण मिरजेचा. सतारमेकर गल्लीत एकाहून एक घरं, आडनावच सतारमेकर. पूर्वी ही शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी, एकोणिसाव्या शतकात तलवारी मागे पडल्या आणि हात तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्यालाही मानांकन मिळालं. नानांनी गल्लीच्या तोंडाशी विचारलं, 'सर्वांत मूळ दुकान कुठलं?' समोरच्या तरुणाने उजवीकडे, डावीकडे आणि स्वतःकडे बोट दाखवलं. सगळे एकाच घराण्याचे फाटे.

आत एक वयस्क कारागीर हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या तुंब्याच्या गळ्याशी बसवत होते. मान वर केली नाही. नाना खूश.

'तंबोरा पाहिजे.'

'पट्टी कुठली?'

'म्हणजे?'

'काळी एक? पांढरी चार? बायकांचा, पुरुषांचा? कोण गाणार?'

'मीच आहे.'

'गाता?'

'नाही.'

'मग घेऊ नका,' असं म्हणून कारागिराने कानस उचलली.

मला वाटलं, आता भडका उडणार. नाना बाहेर आले ते डोळ्यांत पाणी घेऊन. एवढ्या वर्षांत त्यांना माल नाकारणारं दुकान पहिल्यांदाच भेटलं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत ते 'बघितलंस? बघितलंस?' एवढंच म्हणत होते. नंतर चहावर कुणीतरी सांगितलं की तुंब्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. नाना लगेच उठले.

'भोपळा बघायला मंगळवेढ्याला?' नानी म्हणाल्या. 'मंगळवारी खाली भाजीवाली येते.'

धारवाडच्या पेढ्यानेही त्यांना असंच हलवलं. लाइन बाजारात ठाकुरांच्या दुकानापुढे रांगेत उभे असताना मागच्या आजोबांनी कौतुकाने सांगितलं की हे कुटुंब मूळचं उत्तर प्रदेशातल्या उन्नावचं, प्लेगमुळे इकडे आलेलं. रांग सोडता येत नव्हती, पेढा तर हवा होता, पण नाना त्या क्षणापासून मनाने उन्नावात होते. नागपूरच्या संत्रा बर्फीच्या वेळी मी शहाणपणाने हल्दीराम मूळचे बिकानेरचे हे सांगितलं नाही. एखाद्याला किती तोडावं यालाही मर्यादा असते.

आणि एवढं सगळं करून घरच्या पुण्यातली एक फाइल उघडीच राहिली होती. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीची, १९५५ पासूनची श्रूजबरी बिस्किटं. नानांची निष्ठा अढळ, पण मनात एक काटा: श्रूजबरी हे इंग्लंडातल्या एका गावाचं नाव. म्हणजे मूळ दुकान तिकडे. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे बर्मिंगहॅमला गेले तेव्हा जावयाने विचारलं, 'लंडन आधी की स्कॉटलंड?' नाना म्हणाले, 'श्रूजबरी.'

पुढची हकिकत नानींनी सांगितली. नाना सांगतात ती जास्त लांब आहे. आगगाडीने तासाभराच्या अंतरावरचं ते गाव, नदीकाठचं, देखणं. तिथे एका इमारतीवर खरोखरच पाटी आहे की पॅलिन नावाच्या माणसाने १७६० साली आपल्या मूळ कृतीने श्रूजबरी केक इथे प्रथम केले. नानांनी पाटीला नमस्कार केला, फोटो काढला, फोटोत स्वतः उभे राहिले. मग एका बेकरीत जाऊन श्रूजबरी बिस्किट मागितलं. चपटं, लिंबाच्या सालीच्या वासाचं, मधेमधे काळ्या मनुका. नानांनी एक तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चघळला. जावयाने विचारलं, 'कसं आहे, बाबा?'

'प्रयत्न चांगला आहे,' नाना म्हणाले. 'पण यांना जमलेलं नाही.'

आणि त्यांनी शबनममधून मुलीसाठी नेलेला कॅम्पातला पुडा काढला, सुतळीची गाठ सोडवली आणि काउंटरवरच्या गोऱ्या बाईंपुढे धरला. 'टेस्ट. ओरिजिनल.' बाईंनी भीत भीत एक उचललं. मग दुसरं उचललं. लोण्याने माखलेली बोटं पुसत त्यांनी फार अदबीने कृती विचारली.

नानांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. 'फॅमिली सीक्रेट,' म्हणाले.

'अहो,' नानी मागून म्हणाल्या, 'तुम्हाला गॅस पेटवता येत नाही.'