आधी खिडकी दाखवा

२५ ऑक्टोबर २०२०. दसऱ्याच्या मुहूर्तावर महाराष्ट्रातल्या व्यायामशाळा कोरोनामुळे सात महिने बंद राहिल्यावर उघडल्या. बार त्याआधी वीस दिवस उघडले होते. एवढं थांबूनही झुंबा आणि योगाच्या सामूहिक वर्गांना परवानगी मिळाली नाहीच. नांदेडच्या भाग्यनगरात किंवा लातूरच्या औसा रोडवर दुकानांच्या वरचा एखादा हॉल भाड्यानं घेऊन वर्ग चालवणाऱ्या मॅडमनी काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. भाडं मात्र दर महिन्याला द्यावंच लागत होतं.

नंतर वर्ग सुरू झाले तेव्हा दारात तीन वस्तू आल्या: ताप मोजायची बंदूक, सॅनिटायझरची बाटली आणि नावं लिहायची वही. तपासणीचं पथक आलं की तिन्ही दाखवता येतात. आतली हवा दाखवता येत नाही, म्हणून ती कुणी तपासलीही नाही. काचा बंद, एसी सुरू, गाणं मोठ्यानं आणि त्याहून मोठ्यानं सूचना देणारे सर!

कोरोना प्रामुख्यानं श्वासातून पसरत होता आणि आपण डंबेल पुसत बसलो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आतबाहेर करतो. जोरात व्यायाम करताना हाच आकडा शंभर लिटरच्या घरात जाऊ शकतो. २०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी श्वासातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण मोजले. विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५८०, दमछाक होईपर्यंत सायकल मारल्यावर ७६,०००. मग बंद हॉलमध्ये वीसजण उड्या मारत असतील तर दारातली बाटली काय करणार?

पुरावा तर सुरुवातीपासूनच समोर होता. दक्षिण कोरियातल्या चोनान शहरात फेब्रुवारी २०२० मध्ये फिटनेस डान्सच्या प्रशिक्षकांची कार्यशाळा झाली. तिथून संसर्ग १२ ठिकाणच्या वर्गांत पोचला आणि एकूण ११२ रुग्ण सापडले. साधारण ६० चौरस मीटरची खोली, ५० मिनिटं जोरदार व्यायाम, वर्गात बावीसपर्यंत माणसं. मात्र पाचपेक्षा कमी माणसांच्या वर्गांत एकही रुग्ण आढळला नाही. कार्यशाळेतल्याच एका बाधित प्रशिक्षिकेनं सात-आठजणांचे योग आणि पिलाटेसचे वर्ग घेतले होते; तिच्या एकाही विद्यार्थ्याला लागण झाली नाही. म्हणजे डोकी किती, खोली केवढी आणि श्वास किती जोरात, हे बघायला हवं होतं. आपण व्यायामाच्या नावावर बंदी घातली. सहाजणांचा संथ योगवर्ग आणि तीसजणांचा झुंबा एकाच ओळीत बंद! छोट्या स्टुडिओवर हा सरळ अन्याय होता.

जानेवारी २०२२ मध्ये तर कहर झाला. ८ तारखेला जिम बंद करण्याचा आदेश निघाला. ९ तारखेला तो बदलला: निम्म्या क्षमतेनं उघडा, पण व्यायाम करतानाही मास्क लावा. हवेबद्दल बोलायची वेळ आली की आपलं प्रशासन तोंडावरच्या कापडाबद्दल बोलतं.

केंद्राच्या ऑगस्ट २०२० च्या नियमावलीत हवा खेळती ठेवा असं लिहिलं होतं आणि माणशी चार चौरस मीटर जागाही सांगितली होती. वीस बाय पंधरा फुटांच्या हॉलमध्ये या हिशेबानं जेमतेम सातच माणसं बसतात. सातच! आज तुमच्या बॅचमध्ये किती आहेत, मोजा.

साथ गेली म्हणून हा हिशेब संपला नाही. क्षयरोग असाच हवेतून पसरतो आणि जगात त्याचे सर्वाधिक रुग्ण भारतातच आहेत. दर वर्षी फ्लू येतोच.

"मे महिन्यात खिडकी उघडली तर माणसं भाजून निघतील," असं स्टुडिओवाले म्हणतात. बेचाळीस अंशांत ते खरंच आहे. पण आपल्या मराठवाड्यात घरोघरी असलेला कूलर खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. तो बाहेरची ताजी हवा आत ओढतो. स्प्लिट एसी बहुतेक करून खोलीतलीच हवा फिरवत राहतो. बॅच पहाटे साडेपाचला घ्या. कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र काही हजारांत मिळतं. बाहेर आकडा सव्वाचारशेच्या आसपास असतो. हॉलमध्ये तो हजारावर गेला की समजा, एकमेकांनी सोडलेला श्वास आपण पुन्हा घेतोय. हे यंत्र आरशाशेजारी, सगळ्यांना दिसेल असं लावा.

सातजणांच्या बॅचमध्ये भाडं निघत नाही, हेही खरं आहे. म्हणून फी वाढली तर कुरकुर न करता द्या. आणि ज्या हॉलला एकही उघडणारी खिडकी नाही, तिथे पहिल्या महिन्याची फीसुद्धा भरू नका.