आराखड्याबरहुकूम

जी वस्तू पहिल्याच दिवशी मिळायला हवी होती, ती अर्ध्या शतकानंतर दुप्पट पैसे मोजून पुन्हा घ्यावी का? स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचं ब्लूप्रिंटिंग करायचं की नाही, या प्रश्नाची तांत्रिक सालं काढली की आत एवढंच उरतं. माझ्याकडे १९६७ची एमजीबी आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, १७९८ सीसीची. ऑक्सफर्डजवळच्या ज्या ॲबिंग्डनमध्ये ती तयार झाली, तिथून मी फार लांब राहत नाही. पण तो कारखाना १९८०मध्येच बंद पडला. आता काही गाऱ्हाणं घेऊन गेलं तर ऐकायला तिथे कुणी नाही.

गाडी तेल पिऊ लागली, निळा धूर सोडू लागली, तेव्हा इंजिन खोलायचं ठरलं. त्याबद्दल घरात दुमत नव्हतं. दुमत सुरू झालं ते इंजिनाचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या इंग्रजाने ‘खोलतोच आहोत तर’ एवढे शब्द उच्चारल्यावर. जगातले बहुतेक मोठे खर्च याच शब्दांनी सुरू होतात. स्वयंपाकघरातली फरशी बदलायला निघून अख्खा फ्लॅट बदललेली माणसं मी पाहिली आहेत.

हजारोंनी इंजिनं बनतात तेव्हा कुठलाच भाग आराखड्यातल्या मापाचा तंतोतंत नसतो. कुणी थोडा जाड, कुणी थोडा बारीक, पण ठरलेल्या मर्यादेत असला की चालतो. ब्लूप्रिंटिंग करणाऱ्याला हे ‘चालतो’ मान्य नसतं. तो प्रत्येक भाग मोजतो. चारही पिस्टन एका वजनाचे करतो. कनेक्टिंग रॉड नुसते तोलत नाही, त्यांची दोन्ही टोकं वेगवेगळी तोलतो. बेअरिंगमधली फट एक ते अडीच थाऊ, म्हणजे इंचाचे एक ते अडीच हजारांश, चालत असेल तर हा त्यातलं मधलं माप धरून बसतो. मग हेड उलटं ठेवतो आणि ब्युरेट काढतो. हो, तीच. बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला जिने माझे मार्क घालवले, ती ब्युरेट घेऊन हा माणूस हेडच्या चारही चेंबरमध्ये थेंब थेंब द्रव सोडतो आणि कुठल्यात किती मावलं ते वहीत लिहून ठेवतो. एका चेंबरमध्ये दोन सीसी जास्त मावले, म्हणजे अर्धा चमचासुद्धा नाही, तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन ८.८ वरून साधारण ८.५ वर येतं. शेजारी शेजारी राहून चौघं चार तऱ्हेचं काम करतात, आणि मालकाला वाटतं गाडीचा मूड नाही.

हा उद्योग मुळात शर्यतवाल्यांचा. काही शर्यतींत इंजिनात कसलाही बदल करायला बंदी असते. बदल करायचा नाही ना, मग कारखान्यानेच दिलेल्या मापांत ते इतकं चोख बसवायचं की खुद्द कारखान्यालाही कधी जमलं नसेल. नियमात राहून केलेली चलाखी! ज्याने शोधली तो वकील नव्हता याचंच आश्चर्य वाटतं.

“गाडी वापरता कशासाठी?” म्हाताऱ्याने विचारलं.

“रविवारी काढतो. ऊन असलं तर.”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. पाऊस पडत होता. “मग तुम्हाला हे लागत नाही,” तो हात पुसत म्हणाला, “पण हवंच असेल तर करून देतो.”

माझी झोप उडवली ती या दुसऱ्या वाक्याने.

बायको अकाउंटंट आहे. तिने एकच प्रश्न विचारला. “हॉर्सपॉवर किती होणार?”

“कारखान्याने सांगितली होती तेवढी. ९५.”

“आणि आत्ता कागदावर किती आहे?”

“९५.”

“म्हणजे ९५ची ९५ करायला एवढे पैसे?”

मी तिला १९६३ची ल मान्सची शर्यत सांगितली. एमजीबी चोवीस तास धावून बारावी आली, आपल्या वर्गात पहिली, आणि तेही सुरुवातीलाच वाळूत रुतल्यावर ड्रायव्हरने सुमारे दीड तास खपून तिला उकरून काढल्यानंतर. “म्हणजे इंजिनापेक्षा फावडं महत्त्वाचं,” ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

नेमके त्याच वेळी सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. चिंचवडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये त्यांची हयात गेली. लोक इंग्लंडला येताना भडंग आणि लोणचं आणतात, यांनी मायक्रोमीटर आणला. विमानतळावरच्या माणसाने ‘हे काय आहे’ असं विचारल्यावर यांनी त्याला झिरो एरर कसा पाहायचा तेही शिकवलं म्हणे. हॉटेलात पाण्याची बाटली मागवली तरी यांचा चेहरा पडतो. म्हणून मला त्यांच्याकडून पाठिंब्याची आशा नव्हती.

“करून टाका, जावईबापू,” ते म्हणाले.

“बाबा, दुप्पट खर्च आहे.”

“असू दे. मापात आहे ना, मग चालेल, पास करा, हेच आयुष्यभर केलं मी. एकदा तरी ‘चालेल’ऐवजी ‘बरोबर’ असा शिक्का मारावा असा जॉब बघायचा आहे.”

बायको विरोधात आणि सासरे बाजूने, हा योग माझ्या संसारात पहिल्यांदाच जुळून आला होता. मी हिशेब करायला बसलो. ही गाडी मिनिटाला ५,५०० फेऱ्यांनी फिरवली तर पिस्टनमधला दहा ग्रॅमचा फरक वरच्या टोकाला साधारण १९ किलोंच्या हिसक्याएवढा होतो, तोही सेकंदाला नव्वदहून जास्त वेळा. सासऱ्यांचे डोळे चमकले. दुर्दैवाने बायकोनेही आकडेमोड केली. इथल्या मोटरवेवर ताशी ७० मैलांची मर्यादा, आणि चौथ्या गिअरमध्ये तेवढ्या वेगाला हे इंजिन चार हजारांच्याही आत फिरतं. आमच्या भागातल्या रविवारच्या रस्त्यावर तर ते ट्रॅक्टरच्या वेगाने फिरतं, कारण पुढे ट्रॅक्टर असतो.

निकाल लागला तो वर्कशॉपमध्ये, हेड उतरल्यावर. सासरे चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. “सिलिंडर चार,” ते म्हणाले, “आणि पेट्रोल-हवा आत घ्यायला तोंडं दोनच?”

दोनच. एक-दोनला मिळून एक, तीन-चारला मिळून एक. त्यात फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे तीनचं घेऊन संपत नाही तोच त्याच तोंडावर चार हजर, आणि दोनच्या पाठोपाठ एक. चाळीत दोन बिऱ्हाडांना एक नळ असावा आणि दोघांनी लागोपाठ बादल्या लावाव्यात, तसला प्रकार. बादल्या हव्या तेवढ्या मोजून मापून सारख्या करा, नळावरची ओढाताण कशी थांबणार?

“हे ड्रॉइंगमध्येच असं आहे?” त्यांनी विचारलं. म्हाताऱ्याने मान हलवली. शिवाय, तो म्हणाला, चार सिलिंडर एका रांगेत असले की क्रँकच्या दुप्पट वेगाने येणारी एक थरथर उरतेच. कितीही तोललं तरी ती जात नाही. त्यासाठी जादा शाफ्ट उलटसुलट फिरवायची युक्ती लँचेस्टर या इंग्रजानेच शंभर वर्षांहून आधी काढली होती. या इंजिनात ते शाफ्ट नाहीत.

सासऱ्यांनी मायक्रोमीटर डबीत ठेवला. “ड्रॉइंगलाच मला सही करता येणार नाही,” ते मराठीत म्हणाले. “वजनं तेवढी जुळवून घ्या. बाकीचं चालेल.”

शेवटी झालं ते असं. बोअर, नवे पिस्टन आणि रिंगा, नवी बेअरिंगं, आणि क्रँक, रॉड, पिस्टन यांचं बॅलन्सिंग. हेड खोललेलंच होतं म्हणून चेंबरही ब्युरेटने सारखे करून घेतले. त्याचे पैसे फारसे नव्हते आणि माझा बारावीचा हिशेब चुकता व्हायचा होता. संपूर्ण ब्लूप्रिंटिंग नाही. गाडी गुळगुळीत चालते, की पैसे दिल्यामुळे तशी वाटते, यावर घरात अजून चर्चा आहे.

वाचलेले पैसे सिल्समध्ये गेले. ही गाडी टपाशिवाय ताठ उभी राहते ती दाराखालच्या या दोन पोकळ पट्ट्यांच्या जोरावर, आणि गंजही पहिला तिथेच धरतो. तेव्हा कुणी जुनी एमजीबी घ्यायच्या विचारात असाल तर बॉनेट नंतर उघडा. आधी गुडघ्यावर बसा आणि सिल्सना लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं नाही तर आत पत्रा नाही, लांबी भरलेली आहे, आणि ती ब्लूप्रिंटिंगपेक्षा महाग पडते.