पेंग्विनच्या घरी ब्रॉडबँड

ब्रॉडबँड जोडायला येणारा मुलगा चप्पल दाराबाहेर काढतो, पाणी नको म्हणतो आणि थेट पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघतो. तिथे विंडोजचं चिन्ह नसलं की तो आधी कॉम्प्युटरकडे आणि मग माझ्याकडे संशयाने पाहतो.

"काका, हे काय आहे?"

"लिनक्स."

"आमचं नेट यावर नाही चालत."

त्याने आपल्या फोनवरून कंपनीचं मदतकेंद्र लावून दिलं. तिथल्या बाईंचं मत वेगळं नव्हतं. विंडोज कुठलं, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग मॅक असेल. तेही नाही. थोडा वेळ शांतता आणि मग अतिशय मायेने, "सर, घरात कॉम्प्युटर आहे ना?"

गंमत अशी, की मुलगा मला हे ज्या अँड्रॉइड फोनवरून ऐकवत होता, त्याच्या पोटात लिनक्सच आहे. त्याने नुकतीच भिंतीला ठोकलेली फायबरची डबी घ्या. अशा बहुतेक डब्यांत तेच असतं. खोलीतली सगळी यंत्रं लिनक्सवर चालली होती, फक्त तसं कबूल करणारा मी एकटा.

डबीने नुसता सिग्नल पुढे ढकलायचा आणि युजरनेम-पासवर्ड कॉम्प्युटरने द्यायचा, अशी त्या कंपनीची पद्धत. असं नाव-पासवर्ड देऊन जोडणी करण्याच्या प्रकाराला पीपीपीओई म्हणतात. १९९९ साली आरएफसी २५१६ मध्ये हा प्रकार मांडला गेला आणि तेव्हापासून तो जवळपास तसाच आहे. लिनक्सला त्याचं काही वावडं नाही. मी टर्मिनल उघडून 'पीपीपीओईकॉन्फ' टाइप केलं, तसा मुलगा दोन पावलं मागे सरकला.

"काका, हॅकिंग करताय का?"

पडदा निळा झाला. प्रोग्रामने आधी केबलच्या पलीकडे कोणी आहे का ते हुडकलं, मग नाव विचारलं, पासवर्ड विचारला, डीएनएस कंपनीचाच घेऊ का म्हणाला. त्यानंतर तो एमएसएस, म्हणजे एका पाकिटातल्या मजकुराची कमाल मर्यादा, १४५२ वर बांधू का, असं विचारतो. इथे मुकाट्याने हो म्हणावं. इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात. त्यातले ८ पीपीपीओई हमालीपोटी ठेवून घेतं आणि तुमच्या हाती १४९२ उरतात; पाकिटावरचे पत्ते वगैरे वजा जाता मजकुराला १४५२. याच कॉम्प्युटरवरून घरातल्या दुसऱ्या यंत्राला नेट दिलं आणि हा हिशेब राहिला, तर छोटी पाकिटं सुटतात, जाडजूड अडकतात. पिंग ठणठणीत, आणि बँकेचं पान आपलं उघडतंच आहे, उघडतंच आहे. मग माणूस बँकेला शिव्या घालतो. (त्यातल्या काही रास्त असतात, पण या प्रकरणातल्या नव्हेत.)

माउसवाल्यांना नेटवर्क मॅनेजरमध्ये 'डीएसएल' या नावाखाली हीच सोय मिळते, पण निळ्या पडद्याची ऐट तिथे नाही.

नेट लागलं. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत; तेव्हा एक फोटो उतरेपर्यंत चहा होत असे. आता वेगाचा काटा सरसर वर चढला. मुलाने त्याचा फोटो काढला, अ‍ॅपमधला फॉर्म उघडला आणि अडला. रकाना होता ऑपरेटिंग सिस्टिमचा, पर्याय फक्त विंडोजचे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. कंपनीच्या दप्तरी माझ्या घरी विंडोज १० आहे.

तुमच्याकडे असा मुलगा येणार असेल, तर युजरनेम आणि पासवर्ड कागदावर लिहून घ्या, शक्य असेल तर ते राउटरमध्येच भरायला लावा, आणि तो असेपर्यंत मॉनिटर बंद ठेवा.