फ्लेक्सवरचे भाऊ, फितीतल्या माई

वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या चौकात परवा एका भाऊंचा वाढदिवस उगवला. भाऊ बारा फूट, गॉगल दीड फूट आणि खाली शुभेच्छुकांची बोराएवढी मुंडकी. भाऊंनी काय केलं म्हणून चौकशी केली. कळलं, जन्म घेतला.

याच नालवाडीत 1932च्या अखेरीस विनोबा राहायला आले. दिवसभर सूत कातायचं आणि त्याच्या मजुरीत भागवायचं, हा प्रयोग त्यांनी इथेच केला. प्रमाणपत्रं तर त्यांनी कधीच आईच्या चुलीत घातली होती. 1940 मध्ये गांधींनी त्यांना पहिला वैयक्तिक सत्याग्रही निवडलं, तेव्हा हा माणूस कोण, हे देशाला सांगायला गांधींनाच लेख लिहावा लागला. चौकात एक फ्लेक्स असता तर बापूंची शाई वाचली असती!

हे सुचलं ते 'द डिसायपल' पाहताना. चैतन्य ताम्हाणे यांचा हा मराठी सिनेमा. 2020 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं, 2021 मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद मध्यरात्री रिकाम्या रस्त्यांवरून संथपणे मोटारसायकल चालवतो. कानात गुरूंच्या गुरू माईंच्या ध्वनिफिती. आवाज सुमित्रा भावे यांचा. पैसा सोड, नाव सोड, श्रोत्यांची खुशामत सोड, असा एकूण उपदेश. तिकडे टीव्हीवरच्या स्पर्धेत साधी मुलगी बघता बघता झगमगीत होते. शरद तिच्याकडे बघत राहतो आणि रात्री स्वतःच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचत बसतो.

ताम्हाण्यांचा चिमटा बसतो तो इथे. बाजारात उभा राहणारा निदान भाव तरी सांगतो. बाजाराला पाठ दाखवणारा मात्र मान वळवून बघतो, कोणी विचारतंय का!

शेजारचे काका थोडा वेळ मोबाईलमध्ये डोकावले. म्हणाले, "केव्हाचा गाडीच चालवून राहिला हा. पेट्रोलचे पैसे कोण देऊन राहिलं याले?" समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली, पण पेट्रोलपर्यंत कोणी पोचलं नाही. त्यागालाही कोणीतरी टाकी भरून द्यावी लागते.

सिनेमा संपला. त्यातल्या नावांना नमस्कार करेपर्यंत ॲपनं पुढचा माल समोर ठेवलासुद्धा. प्रसिद्धीचा सोस सोडा असं सांगणारी गोष्टही शेवटी त्याच दुकानाच्या फळीवर. दुकानदाराला विनोबाही चालतील, फक्त पोस्टर देखणं हवं.

भाऊंचा फ्लेक्स आठवड्यानं उतरला. काल अवकाळी आला तेव्हा तो एका अंगणात सोयाबीनच्या ढिगावर पसरलेला दिसला. गॉगलच्या काचेवर पाणी साचलं होतं. खालचा एकही दाणा भिजला नाही. भाऊंचं हे पहिलं सार्वजनिक कार्य. त्याची मात्र कुठेच जाहिरात नाही.