तक्रारदार आत आहे

गोव्याची बाटली कोल्हापूर जिल्ह्यात शिरली की उत्पादन शुल्काचं भरारी पथक तिच्या मागं धावतं. डिक्क्या उघडतात, पंचनामे होतात. पिणाऱ्यालाच चार जणांनी रात्री घरातून उचललं आणि व्यसनमुक्ती केंद्रात कोंडलं, तर कुठलं पथक येतं?

शेजारी येतात. सुटलात म्हणायला.

कायदा नाही असं नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. दारू-ड्रग्जमुळं जडणारे मानसिक विकार त्यात धरलेत. म्हणजे केंद्राला नोंदणी हवी. अर्ज करा, दहा दिवसांत तात्पुरतं प्रमाणपत्र घ्या. त्याआधी चौकशी केलीच पाहिजे असं नाही.

खोली भाड्यानं देताना घरमालक यापेक्षा जास्त विचारतो.

नोंदणीच केली नाही तर? पहिल्या खेपेला दंड 5 हजार ते 50 हजार. खालचा आकडा एका रुग्णाच्या महिन्याच्या फीत निघावा.

माणूस नको म्हणत असताना ठेवायचं, तर कलम 89 प्रमाणे मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी वेगवेगळं तपासायचं. मुदत 30 दिवस. पुरुष असेल तर सात दिवसांत, बाई असेल तर तीन दिवसांत पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. साखळीला पूर्ण बंदी, सक्तीनं डोकं भादरायलाही. आता कुठल्याही केंद्रात पॅकेज विचारून बघा. तीन महिने, सहा महिने! पाचव्या दिवशी 'घरी सोडा' म्हणणाऱ्याला उत्तर ठरलेलं: हा तू नाही, तुझा आजार बोलतोय.

तीस दिवसांचा हिशेब बहुधा फक्त बिलात होतो.

घरचे पावती मागतात, नोंदणी क्रमांक विचारत नाहीत. त्यांना तरी किती बोलायचं? मार खाऊन थकलेल्या बाईला कलम 89 कोण समजावणार?

अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तेव्हा हा कायदा नव्हता. चांगलं काम कायद्यासाठी थांबलं नाही. वाईट तरी कशाला थांबेल?

जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मद्यावरचा कर वाढवला. अपेक्षा जादा 14 हजार कोटींची. त्यातून या केंद्रांची दारं ठोठावणारे चार निरीक्षक द्याल का, विचारा. उत्पादन शुल्क म्हणेल, समाजकल्याणकडं जा. समाजकल्याण म्हणेल, आरोग्याकडं. आरोग्य विचारेल, कुणाची तक्रार आहे का?

तक्रारदार आत आहे. मोबाईल पहिल्याच दिवशी जमा झालाय.