पडावे कसे, कुठे आणि कोणाच्या हद्दीत

मराठी माणसाला पडता येत नाही. तो पडतो भरपूर, पण चुकीच्या पद्धतीने. पडला की गुडघा बघायच्या आधी आजूबाजूला बघतो, कोणी ओळखीचं नाही ना! मग पँट झटकतो, ‘काही नाही, काही नाही’ म्हणतो आणि लंगडत सटकतो. दावा तिथेच निकाली निघतो. रस्त्यात लाज पडणाऱ्याने बाळगायची असते, खड्डा ठेवणाऱ्याने नव्हे, असा आपल्याकडचा शिष्टाचार आहे.

आता मात्र पडण्याला भाव आला आहे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलसाठी चक्क दर ठरवून दिले. जीव गेल्यास वारसांना ६ लाख. जखमी झाल्यास दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख. दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, नाही दिले तर ९ टक्के व्याज. एवढं व्याज हल्ली बँकेच्या मुदत ठेवीलाही मिळत नाही. तेव्हा नागरिकांनो, पडायचंच आहे तर नीट पडा.

पहिला नियम हद्दीचा. महापालिका, सार्वजनिक बांधकाम, एमएमआरडीए, एमएसआरडीसी, राष्ट्रीय महामार्गवाले असे अनेक मालक असलेला रस्ता कौतुकाच्या वेळी सगळ्यांचा असतो आणि खड्ड्याच्या वेळी कोणाचाच नसतो. पुढचं चाक पालिकेत आणि मागचं पीडब्ल्यूडीत असताना पडलात, तर दोन्हीकडून तुम्हाला पलीकडच्या खात्याचा पत्ता मिळेल. म्हणून तोल जाऊ लागताच रस्ता कोणाचा ते विचारून घ्यावं आणि शक्यतो एकाच खात्यात कोसळावं.

दुसरा नियम पुराव्याचा. तुम्ही आडवे झालात की चार जण मोबाइल काढतातच. त्यांच्यावर रागावू नका. फक्त सांगा, ‘दादा, खड्डाही येऊ द्या त्यात.’ हे त्याच दिवशी उरका. एरवी वर्षभर हात न लागलेला खड्डा अपघातानंतर एका रात्रीत बुजतो. सकाळी तिथे खडी-डांबराचं काळंभोर ठिगळ असतं, वर टायरच्या खुणाही नसतात, आणि साहेब म्हणतात, ‘कुठाय खड्डा?’ तक्रार आल्यावर ४८ तासांत खड्डा बुजवा, असं न्यायालयाने सांगितलंच आहे. ते घड्याळ चालू करायला कोणाचं तरी हाड का मोडावं लागतं, एवढंच कळत नाही.

तिसरा नियम दवाखान्याचा, आणि हा गमतीत घेऊ नका. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, ‘कसं लागलं?’ पोलिसांची झंझट नको म्हणून आपण सांगतो, ‘घरात, बाथरूममध्ये घसरलो.’ झालं! कागदोपत्री खड्डा निर्दोष सुटला आणि बाथरूमची फरशी गुन्हेगार ठरली. रस्त्यात पडलात तर रस्त्यातच पडलो म्हणून सांगा, जागेसकट लिहून घ्या, एमएलसीची, म्हणजे मेडिको-लीगल केसची, नोंद करायला लावा, बिलं जपून ठेवा. पोलिसांत जबाब देताना मात्र जरा सांभाळून. दुचाकीवरून पडलेल्यावरच निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा लावण्याचा प्रकार आपल्याकडे अपूर्वाईचा नाही. खड्डा जागचा हललेला नसतो, हललेले तुम्ही असता.

चौथा नियम अंगावर काय पाडून घ्यावं याचा. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, तेव्हा १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरलं. मनोरा आपला, तर त्याची निगाही आपलीच. राजकोटला रस्त्याकडेचं झाड कामावर निघालेल्या माणसाच्या अंगावर पडलं. त्याच्या कुटुंबाने दावा लावला, पण १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने पालिकेला मोकळं सोडलं. तात्पर्य, पावसाळ्यात झाडाखाली उभं राहू नये, एखादा जुना मनोरा गाठावा.

पाचवा नियम नोटिशीचा. नेहमीच्या वाटेने, म्हणजे कोर्टात भरपाईचा दावा लावून जायचं असेल, तर मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा आहे. त्याच्या कलम ५२७ नुसार आधी लेखी नोटीस द्यायची आणि महिनाभर थांबायचं. दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा, नाहीतर मुदत गेली. म्हणजे खड्ड्याने तुम्हाला पूर्वसूचना द्यावी अशी कायद्याची अपेक्षा नाही. तुम्ही पालिकेला दिलीच पाहिजे. ज्यांच्या हद्दीत उघडं मॅनहोल दाखवायला झाडाची फांदी आणि लाल फडकं पुरतं, त्यांना दावा दाखवायला मात्र महिनाभर आधी कागद लागतो.

हे सगळं जमलं आणि पैसे मिळाले, तर पेढे वाटण्याआधी एक हिशेब करा. रस्ता झाला तुमच्या करातून. खड्डा बुजवण्याचं टेंडर निघालं तुमच्या करातून. आता तुमच्या मोडक्या पायाची भरपाईही पालिकेच्या, म्हणजे तुमच्याच तिजोरीतून आली. एकाच खड्ड्याचे तीनदा पैसे भरून वर पायही आपलाच मोडून घेणारा असा ग्राहक कुठल्याही धंद्याला हवाहवासा वाटेल. कंत्राटदाराचं बिल तेवढं कधी लंगडत नाही.

हे उच्च न्यायालयाच्याही लक्षात आलं होतं. दिलेली रक्कम जबाबदार अधिकारी आणि कंत्राटदार यांच्याकडून वसूल करा, असंही त्याच आदेशात आहे. पण सहा लाखांचा आकडा घराघरांत पोचला आणि हे वाक्य मात्र फायलीतच राहिलं. तेव्हा भरपाईच्या अर्जापाठोपाठ माहिती अधिकाराचा अर्जही टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि एकच प्रश्न विचारा: माझ्या पायाचे पैसे कोणाच्या खिशातून वसूल केले, नाव आणि हुद्द्यासह कळवावे. उत्तर तीस दिवसांत, म्हणजे प्लास्टर निघायच्या आत यायला हवं, असा कायदाच आहे.